पोळ्याची सुई

वडवणीच्या दवाखान्यात मी गुरांचा डॉक्टर. आठवडी बाजाराला आलेल्या शेतकऱ्यांपुढे माझा एकच पाठ असतो: पू झालेल्या जनावराला स्टेरॉइडची सुई टोचून घेऊ नका. सूज उतरते, ताप उतरतो, जनावर खायला लागतं आणि आपण फसतो. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्तात नुसत्या फिरत राहतात, जखमेकडे जातच नाहीत. लग्नात वाढपी भरपूर, पण पंगतीकडे एकही फिरकत नाही, तसं. लोक हसतात, माना डोलावतात. मला माझ्या या बोलण्याचं फार कौतुक होतं.

मागच्या पोळ्याला नांदूरघाटला घरी गेलो. आदल्या संध्याकाळी खांदेमळणीसाठी वडिलांनी, म्हणजे दादांनी, हळद-लोणी घेतलं, तर बैल खांद्याला हात लावू देईना. जू घासून गळू झालेलं, आत पू. गळू फोडायचं, औषध चालू करायचं, आठवडाभर दावणीला ठेवायचं, एवढंच काम. पण वेशीत पहिला मान आमच्या बैलाचा.

"दादा, उद्या ह्याला न्हेऊ नका."

"मंग तू डॉक्टर कशाला झालास रं? एक दिस उभा कर त्याला. लोक काय म्हनतील?"

लोक काय म्हणतील, यावर आमच्या अभ्यासक्रमात औषध नव्हतं. मी स्टेरॉइड टोचलं.

दुसऱ्या दिवशी बैल असा निघाला की वाजंत्रीवाले मागे पडले. सूज उतरलेली. "पोराच्या हाताला गुण हाय," दादा ज्याला त्याला सांगत होते. खरं सांगतो, मलाही बरं वाटत होतं.

चौथ्या दिवशी बैल बसला. पू आतल्या आत पसरून विष रक्तात गेलं होतं. होती नव्हती ती सगळी औषधं दिली, पण तो उठला नाही.

त्याला पुरून आल्यावर दादा ओट्यावर बसले. म्हणाले, "मी हट्ट केला म्हनून तर न्हाई ना गेला? त्या सुईनं?"

बाजारात तोंडपाठ असलेला पाठ मला एका माणसापुढे म्हणता आला नाही. "न्हाई दादा. सुईचा काय संबंध?"

त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. मला माझी लाज वाटली.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी घरी पोचलो, तर दारात खांदे सुजलेले तीन बैल उभे. दादा त्यांच्या मालकांना समजावत होते, "भ्यायचं कारण न्हाई. त्या सुईनं काई होत न्हाई. पोरानं सोता सांगितलंय मला."