हुंगेमामांचं नाक

हुंगेमामा आमच्या घरी आले की माणसांकडे बघायचेच नाहीत. ओट्यावर चहाचा कप घेऊन उभ्या असलेल्या सासूबाईंना ओलांडून ते थेट गोठ्यात जायचे आणि पहिल्या गाईच्या तोंडाला नाक लावायचे. आठही गाई हुंगून झाल्या की मग विचारायचे, "हां, काय म्हणता वैनी?" तोवर चहावर साय धरलेली असायची. ती बोटानं बाजूला सारत वर म्हणायचे, "चहा गारच दिलाय की."

मामा जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. नोकरी संपल्यावर आमच्या गावातच, वालूरला राहिले आणि गावाच्या गोठ्यांवर आपला हक्क आहे असं समजून फिरू लागले. गाय व्यायली की कधी कधी तिचं खाणं दुधाला पुरत नाही, अंगातली चरबी जळायला लागते. मग गाय खुराक सोडते, दूध आटतं, आणि वेळेत कळलं नाही तर गाय हातची जाते. या दुखण्यात तिच्या श्वासाला एक वास येतो. तो मामांना डॉक्टरांच्या आधी दोन दिवस कळायचा. म्हणून त्यांना सगळे बोलवायचे, आणि म्हणूनच सगळे त्यांचं ऐकून घ्यायचे.

मला मात्र त्यांनी वैताग आणला होता. एकदा मी क्षाराची पावडर सगळ्या सरकी पेंडीत एकदम कालवली. आठ गाई, सकाळची घाई, वेगळं वेगळं कोण मोजत बसणार? मामांनी पाटी माझ्या हातातून काढून घेतली. "सूनबाई, आसं दिलं म्हंजी दिलंच न्हाई. जी दांडगी हाय ती समदं खाती अन् गरीब बगत बसती. पंगतीत वाढायलीस तशी एकेकीला वाढ." तेव्हापासून मी आठ घमेली मांडते आणि प्रत्येकात मापानं पावडर टाकते. दुधात फरक पडला, हे मी त्यांना कधीही कबूल केलं नाही.

सासूबाईंचं आणि त्यांचं वाजायचं ते राणीवरून. राणी गाभण होती, दूध आटवलेलं होतं, आणि सासूबाई तिला माहेरी आलेल्या लेकीसारखं खाऊ घालत होत्या. मामा म्हणाले, "वैनी, हात आखडा. जाड गाय व्याली की आजारी पडती."

"दोन जिवांची हाय ती! उपाशी मारू व्हय?"

"उपाशी न्हाई, बेतानं!"

मामांची पाठ वळली की आम्ही दोघी राणीला पेंडीची आणखी एक पाटी घालायचो. आम्ही दोघी, हे मुद्दाम सांगते. मीही त्यात होते.

राणी व्यायली. आठवड्याभरात तिनं खुराकाला तोंड लावायचं सोडलं. मी मामांना बोलावलं. त्यांनी नेहमीसारखं नाक लावलं, कान चाचपले आणि म्हणाले, "काय न्हाई, थकलीय." त्या दिवशी माझं दूध करपलं होतं. दुसरं करायला वेळ नव्हता, तसाच चहा दिला. एरवी या माणसानं कप परत पाठवला असता. त्या दिवशी म्हणाले, "झकास झालाय." माझं डोकं राणीत होतं, मी लक्ष दिलं नाही.

सकाळी राणी भिंत चाटत होती. पाय लटपटत होते. डॉक्टर आले, लघवी तपासली, शिरेतून सलाइन लावलं. मामाही येऊन गोठ्याच्या मेढीला धरून उभे होते. डॉक्टर म्हणाले, "अहो, तोंडाला एवढा वास मारतोय. मामा काल येऊन गेले ना?"

मामांचा चेहरा पांढरा पडला. तेव्हा मला तो करपलेला चहा आठवला.

"मामांनी सांगितलं होतं, डॉक्टर," मी म्हणाले. "आम्हीच ऐकलं नाही."

डॉक्टर गेल्यावर मात्र मी मामांना सोडलं नाही. "माझी गाय मेली असती! नाकाला कळत नाही तर सांगायचं ना!"

"करोनाच्या तापापासनं गेलंय," मामा म्हणाले. "कान बगून, शेण बगून आंदाज मारायलोय."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितल्यावर कोण बोलावलं आसतं गं मला?"

माझा राग कुठच्या कुठे गेला, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मामांनी माझं मनगट धरून मला राणीपुढं उभं केलं. "हुंग." मी हुंगलं. गोडसर, झणझणीत. "मामा, हा तर नेलपॉलिश पुसायच्या औषधाचा वास!"

"ते काय आसतंय? उतरलेल्या पेरूचा म्हण."

राणी आठ दिवसांनी खुराकाला लागली, आणि माझ्यामागे नवीन ताप लागला. मामांना कुठल्याही गोठ्यात बोलावणं आलं की ते आधी मला हाक मारायचे. गावाला सांगितलं, सूनबाई शिकायलीय. मामा ऐटीत नाक लावायचे, मग माझ्यासाठी बाजूला सरायचे. वास आला तर मी खोकायचे, नसला तर गप्प. खोकला ऐकला की मामा मान हलवून सांगायचे, "डॉक्टरला बोलवा." माझी धार उशिरा व्हायची, सासूबाई बोलायच्या, आणि बाहेर पडल्यावर मामा मलाच झापायचे, "येवढ्या जोरात खोकतेत व्हय? टीबी झाला म्हंतील."

दोन वर्षं हे नाटक चाललं. गावाला शेवटपर्यंत कळलं नाही. गेल्या हिवाळ्यात मामा गेले. मयतीला आलेला जो तो त्यांच्या नाकाचंच कौतुक करत होता.

आता लोक मलाच बोलावतात. परवा पलीकडच्या आळीत व्यायलेली गाय हुंगली. उतरलेल्या पेरूचा वास स्पष्ट होता. डॉक्टरांना बोलवा, एवढंच म्हणायचं होतं. मी आधी खोकले. मग मान हलवणाऱ्याची वाट बघत तशीच उभी राहिले.