मालकांची ताटली

"ज्याच्या ताटलीत बुरशी उगवंल, त्यानं त्या दिवसापासनं ह्या खोलीच्या दारातनं आत यायचं न्हाय. मग तो कुणी बी असू दे."

आमचे साडू ओरडत होते, आणि त्यांचं ओरडणं म्हणजे होटगी रस्त्यावरचे ट्रक घाबरून कडेला लागावेत असं. समोर डोक्याला टोप्या नि तोंडाला पट्ट्या बांधून पंधरा बायका उभ्या होत्या. मी आपला चहाला म्हणून गेलो होतो.

साडूंसारखा माणूस सोलापूर जिल्ह्यात दुसरा झालेला नाही, आणि जिल्ह्याच्या तब्येतीला ते बरंच आहे. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपातल्या या फिटरने एकदा कुठेतरी बाटलीत वाढलेलं केळीचं रोप पाहिलं आणि नोकरी सोडून टिश्यूकल्चरची कंपनी काढली. केळीच्या मुनव्याचा, म्हणजे बुंध्याशी फुटलेल्या पिल्लाचा, कोंब कापायचा, जेलीच्या बाटलीत लावायचा, त्याची चार रोपं झाली की पुन्हा कापायची. एकाची हजारो होतात. अट एकच, बाटलीत बुरशीचा कण जाता कामा नये. बाटल्या वाफवायचं यंत्र परवडेना, तेव्हा साडूंनी नात्यातल्या सगळ्या लग्नांतले आहेराचे कुकर उचलले. आमचाही नेला. दोन वर्षं आमच्याकडे कुणी जेवायला आलं की बायको कच्ची डाळ वाढून शांतपणे सांगायची, "कुकर कंपनीत हाय." ते अकरा कुकर एकदम शिट्ट्या मारू लागले की शेजारच्या चादरीच्या कारखान्यातले कामगार सुट्टी झाली समजून घरी जायचे.

पुढे कापायला बोटं हवी होती. डिग्रीवाल्या पोरांचे चिमटे थरथरायचे. साडू थेट सोलापूरच्या पूर्व भागात गेले आणि विड्या वळणाऱ्या बायका घेऊन आले. त्यांची म्होरकी लक्ष्मीअक्का. ती कोंब कापताना बोटं दिसायची नाहीत, नुसता वारा लागायचा. "विडीपेक्षा हे बरं," ती म्हणायची, "ह्याला धूर न्हाय."

साडूंचा जीव त्या रोपांत. त्या महिन्यात अकलूजची खेप मोठी होती, म्हणून ते कापायच्या खोलीतच मुक्काम ठोकून उघड्या बाटल्यांवर वाकून बोलायचे, "वाढा की रं, अकलूजला जायचंय." मिशा अशा, की पट्टीच्या दोन्ही बाजूंनी वीतभर बाहेर, आणि त्यांना रोज खोबरेल. मी एकदा म्हणालो, "पाव्हणं, मिशांना वेगळी पट्टी शिवून घ्या." आठ दिवस त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

आणि बाटल्या काळ्या पडू लागल्या. सोमवारी एक मांडणी, बुधवारी तीन. ही खेप गेली की कंपनी गेली आणि पंधराजणी पुन्हा विडीच्या सुपापुढे. म्हणून ही परीक्षा. प्रत्येकीने आपल्या नावाच्या ताटलीतल्या जेलीवर बोटं टेकवायची, एकदा खोकायचं आणि झाकण लावायचं. जिच्यातून बुरशी येते तिची ताटली तीन दिवसांत चुगली करणार.

पंधरा ताटल्या झाल्या. अक्काने सोळावी पुढे सरकवली. "मालक, तुमची बी ठेवा की."

"माझी?"

"कुणी बी असू दे म्हणालात की."

साडू खोकले. खिडक्या हलल्या.

तीन दिवस बायका ताटल्यांच्या कपाटाकडे पाठ करून कापत राहिल्या. साडूंचं ओरडणं बंद झालं, त्याचीच जास्त भीती वाटत होती. मीही रोज जात होतो. चहा मात्र कुणी विचारला नाही. चौथ्या दिवशी अक्काने एकेक ताटली उजेडाला धरली. पहिली स्वच्छ. सातवी स्वच्छ. पंधरावीही स्वच्छ. सोळावीत जंगल माजलं होतं, काळं, हिरवं, करडं. जरा थांबलो असतो तर त्यातून बिबट्या निघाला असता. कुणी हसलं नाही. साडूंनी ताटली पाहिली, टोपी काढून खुंटीला लावली आणि खोलीबाहेर, काचेच्या भिंतीपलीकडे जाऊन उभे राहिले.

उरलेल्या मांडण्या वाचल्या. खेप अकलूजला वेळेवर पोचली.

मिशा त्यांनी दुसऱ्याच दिवशी काढल्या. आत मात्र परत गेले नाहीत. आता कंपनीला तीन मजले आहेत, वाफेचं खरं यंत्र आहे, आमचा कुकरही परत आलाय. इतकी वर्षं साडू रोज सकाळी काचेला कपाळ टेकवून उभे राहतात. तिथे तेलाचा एक डाग पडलाय. अक्का तो कुणाला पुसू देत नाही.

परवा अक्काचा कामाचा शेवटचा दिवस होता. तिने नवी टोपी आणि पट्टी आणून त्यांच्या हातात दिली. "मालक, आज या आत. जवळनं बघा की रोपं."

साडूंनी टोपी बराच वेळ हातात फिरवली. मग तिला परत दिली.

"नको. उद्या खेप जायचीय."