चालतील तेवढीच

सरकीच्या ढेपीचा वास आला की यवतमाळचं माझं पहिलं ऑफिस आठवतं. खाली ढेपीचं दुकान आणि वर आम्ही तिघंचौघं, जाहिरातींची वेबसाइट चालवणारे. लोक जाहिरातीसोबत नको तो कोडही चिकटवायचे, म्हणून बंदी घालायच्या अ‍ॅट्रिब्यूट्सची, म्हणजे जाहिरात कशी दिसेल-वागेल ते ठरवणाऱ्या कोडमधल्या शब्दांची, यादी मी वाढवत बसायचो, तरी रोज काहीतरी निसटायचंच. पुसदहून आलेल्या नव्या मुलीनं उलटं केलं: चालतील तेवढीच पाच-सहा लिहिली, बाकी सगळी बंद. साहेब सगळ्यांसमोर मला म्हणाले, "तुले काहून नाही सुचलं बे हे?" माझा जळफळाट झाला. ती डबा खायला गेली तेव्हा तिच्याच कॉम्प्युटरवरून मी त्या यादीत, जाहिरातीला हवा तो आकार घेऊ देणारं 'स्टाइल' घुसवलं. दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी जुन्या ट्रॅक्टरची जाहिरात अख्खं पान झाकून बसली. साहेब तिच्यावर भडकले. तिनं यादी उघडली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "माह्याच हातून झालं असन, सर." मी वाचलो, पण मनाचं मोठेपणही तिनंच दाखवलं म्हणून पुन्हा जळलो. आज नव्या पोरांना मी तीच पद्धत शिकवतो. कोणाकडून शिकलो, ते अजून सांगितलेलं नाही.