पुरुषभर गाळ

आमच्या घरात त्या तलावाची मासोळी कधी शिजली नाही. जाम गावच्या बाजारात आई आधी विचारायची, "कोन्या तलावाची हाय?" समुद्रपूरकडच्या त्या तलावाचं नाव निघालं की ती पुढे चालू लागायची. मला कारण मोठेपणी कळलं. तलाव भरला तेव्हा आईचं माहेर पाण्याखाली गेलं. लोकांनी दारं, चौकटी, छपराची लाकडं, विहारातली मूर्ती, सगळं बैलगाड्यांवर घालून नव्या वस्तीत नेलं. गावाबाहेर पळसाखाली पुरलेला आईचा धाकटा भाऊ तेवढा तिथेच राहिला. तो वर्षाचाही झाला नव्हता. आजोबांनी स्वतः खड्डा खणला होता.

पुढे मी पाटबंधारे खात्याच्या मोजणी पथकात लागले. तलावांचे तळ मोजणं हे आमचं काम. दर पावसाळ्यात वावरांतली माती वाहून येते, तळाशी बसते आणि तलावात तेवढं पाणी कमी मावतं. किती कमी, हे सरकारला अधूनमधून पाहावं लागतं. धरण बांधण्याआधी साखळी आणि दुर्बीण घेऊन माणसांनी ती सगळी जमीन पायी मोजली होती. पाणी भरल्यावर डोंग्यातून दोरीला वजन बांधून खाली सोडायचे; दोर सैल पडला की तळ लागला असं समजायचं, आणि खोली पुरुषांत, म्हणजे माणसाच्या उंचीत सांगायची. आता यंत्र पाण्यात आवाज सोडतं, तो तळाला लागून परत येतो आणि पडद्यावर खोलीची रेघ उमटते. कापडावर चिकटवलेले जुने नकाशे मात्र आम्हाला अजून लागतात. त्यांच्याशी ताडल्याशिवाय किती गाळ साचला ते कळत नाही.

त्या तलावाची मोजणी आमच्याकडे आली तेव्हा मी जुना नकाशा टेबलावर पसरला. आईचं गाव त्यात होतं. घरं म्हणजे बारीक चौकोन, विहीर म्हणजे गोल. गावाच्या उगवतीला पळसाची जागा होती, तिथे फक्त 'पडीत' असं लिहिलेलं.

पुढच्या सुटीत घरी गेले तेव्हा आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"मले घेऊन जाशीन?"

"काऊन वं आई? तू तर त्या रस्त्यानं बी जात नाई."

"जाशीन का नाई, तेवढं सांग."

आमचे साहेब निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे गृहस्थ. मी भीत भीत विचारलं. ते म्हणाले, "जॅकेट घालायला लावा. आणि मधोमध बसवा."

माघातली सकाळ होती, पाणी अगदी स्थिर. डोंगा चालवणारा तिथलाच मासेमार, यंत्राजवळ साहेब. आई नारिंगी जॅकेट घालून, पदर मुठीत धरून बसली. काठावरची टेकडी ती पाहत होती. मला जागा यंत्रावरून कळत होती, तिला टेकडीवरून. मी सांगायच्या आत तीच म्हणाली, "इथं विहीर होती." मग थोडं पुढे, पळसाच्या जागी आल्यावर, "थांबव बापा."

त्यानं इंजिन बंद केलं. पडद्यावरची रेघ सपाट होती. खड्डा नाही, उंचवटा नाही, काही नाही.

"किती पानी हाय याच्यावर?"

"दोन पुरुष."

"अन् खाली?"

"खाली गाळ हाय आई. जुनी जमीन त्याच्याही खाली. पुरुषभर माती चढली हाय तिच्यावर."

ती वाकून पाण्यात पाहू लागली. मग विचारलं, "म्हणजे त्याच्या अंगाले पानी नाई लागत?"

खोटं सांगणं जमलं नाही. "गाळ ओलाच असते, आई."

"ओला असू दे. माती हाय ना."

इतकी वर्षं तिला काय सलत होतं, ते मला तेव्हा उमगलं. लेकराला मातीत ठेवलं होतं आणि वरून पाणी सोडलं गेलं. तो पाण्यात पडून आहे असंच ती समजत आली होती. तिनं हात जोडून हळू आवाजात त्रिशरण म्हटलं. मासेमारानं डोक्यावरचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. साहेब दुसरीकडे पाहत राहिले.

"मीच कडेवर घेऊन फिरत होती त्याले," ती म्हणाली. "माय वावरात जाये. लय जड होता."

अहवाल लिहायला बसले तेव्हा माझी पंचाईत झाली. नोकरीभर मी गाळ म्हणजे नुकसान असंच लिहीत आले होते. तलावाचा तो भाग उन्हाळ्यात उघडा पडतो. तिथला गाळ जुन्या जमिनीपर्यंत खणून शेतकऱ्यांना द्यावा, हीच शिफारस योग्य होती. आकडे मी जसे होते तसे लिहिले आणि साहेबांना सगळं सांगितलं.

"तेवढा तुकडा सोडता येईल," ते म्हणाले. "जुनी दफनाची जागा म्हणून टीप टाकू. आईंना विचारा."

मी विचारलं. वाटलं होतं, ती हो म्हणेल.

"नको," ती म्हणाली. "आता काय उरलं असन त्याचं? माती झाली. नेऊ दे लोकाईले. वावरात पडन, कापसाची पऱ्हाटी उभी राहीन तिच्यात. पान्याखाली पडून राह्यण्यापरीस बरं."

"तुले वाईट नाई वाटणार?"

"वाटन ना. वाटन तर वाटन."

उन्हाळ्यात पाणी मागे हटल्यावर मी तिला पुन्हा घेऊन गेले. भेगाळलेल्या काळ्या गाळावर ती चप्पल काढून चालली. पोकलेन चालू होतं, ट्रॅक्टर रांगेत उभे होते. एका चालकानं हाक मारली, "मावशी, बाजूले व्हा!" ती बाजूला झाली. ट्रॉली भरली, तेव्हा तिनं त्याला विचारलं, "कोनाच्या वावरात नेतं?"

"माह्याच. मुरमाड हाय, काही होत नाई त्याच्यात."

"ने मग. पसरून टाकजो चांगली."

तो हो म्हणून गेला. ट्रॉली चढ चढून रस्त्याला लागेपर्यंत आई उभी होती. ती रडली नाही. मीच तोंड फिरवून डोळे पुसले.

समुद्रपूरहून परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. हिंगणघाट जवळ आलं तेव्हा तिनं मला त्याचं नाव सांगितलं. तोवर मी त्याला आईचा धाकटा भाऊ म्हणूनच ओळखत होते. मी नाव एकदा म्हणून पाहिलं. तिनं माझा उच्चार दुरुस्त केला, आणि मी पुन्हा म्हटलं.