पहिली उडी पोत्याची

"पयली उडी भाऊची," असं म्हणत आबा रोज सकाळी वाळूचं पोतं पुलाच्या कडेवरून खाली सोडायचे. भाऊ म्हणजे ते पोतं. वजन माणसाइतकं. ते सुरक्षा जाळीत खोल रुतलं की आबा मान हलवायचे. मगच बाकीच्यांनी वर चढायचं.

लोणावळ्याजवळच्या त्या पुलाच्या कामावर मी स्टोअर सांभाळायचो, आबा जाळ्या बांधायचे. आंदर मावळातले, भातशेती पुतण्याकडे सोपवून आलेले. त्यांची जाळी कायम झोळीसारखी लोंबायची. तुम्हीही त्यांना आळशी ठरवलं असतं. मी ठरवलंच होतं.

एकदा बडे पाहुणे यायचे होते. कमान आली, लाल गालिचा आला. लोंबती जाळी फोटोत गबाळी दिसेल म्हणून साहेबांनी आदल्या संध्याकाळी, आबा घरी गेल्यावर, ती खाटेसारखी ताणून घेतली.

सकाळी आबांनी जाळीचा दोर बोटानं छेडून पाहिला. "कुनी आवळली?"

"दोन तासांचाच प्रश्न आहे, आबा," साहेब म्हणाले. "आज पोतं राहू द्या."

"आन मानसं वर जानार न्हवं?"

"जाणारच. काम चालू दिसायला हवं."

"मंग भाऊला इचारू."

पोतं जाळीवर आदळून उसळलं, काठावरून कलंडलं आणि खाली कोऱ्या गालिच्यावर फुटलं. अजून कुणी आलं नव्हतं. साहेब गालिच्याकडे बघत राहिले.

"ह्याला बायकापोरं न्हाईत म्हनून बरं," आबा म्हणाले आणि गाठी सोडायला बसले.

पाहुणे आले तेव्हा जाळी लोंबत होती. ती कशासाठी असते, हे त्यांनी विचारलंही नाही.

महिन्याभरानं एका वेल्डरचा पाय घसरला. जाळी खोल गेली आणि तिनं त्याला धरून ठेवलं. वर काढल्यावर तो आबांच्या पायाशी वाकला. आबांनी नव्या पोत्याकडे बोट दाखवलं. "माझ्या न्हाई. भाऊच्या पड."

माणूस झेललेली ती जाळी पुन्हा वापरायची नव्हती. आबा ती घरी घेऊन गेले.

यंदा आबांच्या दहाव्याला त्यांच्या गावी गेलो. गोठ्यापुढे चार मेढींवर तीच जाळी बांधलेली, वर भोपळ्याचा वेल. मधोमध दोन मोठे भोपळे जाळीत रुतून बसले होते. मी बघतोय हे पाहून पुतण्या जरा ओशाळला.

"लय लोंबतीया," तो म्हणाला. "मी ताणाया गेलतो दोनदा. आबांनी हात लावू दिला न्हाई."