अकरा फॉर्मांचं एकच अक्षर

कल्याणच्या एका कॉलेजात माध्यमांचा अभ्यासक्रम आहे. त्याच्या शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प असतो. तीन-तीन मुलांचा गट करायचा, हिप-हॉपचं एक गाणं रचायचं, त्याचा व्हिडिओ काढायचा आणि प्रसिद्धीचं साहित्यही आपणच करायचं. म्हणजे पोस्टर, गाण्याचं मुखपृष्ठ आणि सोशल मीडियावरचं पान. गुण द्यायला एक परीक्षक बाहेरचा लागतो. गेल्या वर्षी तो मी होतो.

हिप-हॉपमधलं मला काही कळत नाही, हे मी आधीच सांगितलं होतं. मी ठाण्यात खोकी छापणाऱ्या एका कंपनीत तपासणी खात्यात आहे. औषधांची खोकी, साबणाची खोकी. रंग किती सरकला, अक्षर कुठे फुटलं, हजारात किती नग खराब निघाले, हे बघण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. कॉलेजच्या विभागप्रमुख मॅडम डोंबिवलीत आमच्याच इमारतीत राहतात. त्या म्हणाल्या, "अहो, छपाईतला माणूस मुलांना कधी भेटतच नाही. पोस्टर तरी नीट तपासा. बाकी गुणांचा तक्ता आहे, त्याप्रमाणे जायचं." तक्ता आहे म्हटल्यावर मी हो म्हणालो.

तक्ता शंभर गुणांचा होता. व्हिडिओ पन्नास, पोस्टर पंधरा, मुखपृष्ठ दहा, सोशल मीडियाचं पान दहा आणि प्रेक्षकांचे अभिप्राय पंधरा. अभिप्रायांसाठी एक पानी फॉर्म होता. गाणं दाखवून तीस जणांकडून तो भरून घ्यायचा. सात गट होते. ज्या गटाला सर्वांत जास्त गुण, त्याचा व्हिडिओ ठाण्याच्या आंतरमहाविद्यालयीन महोत्सवात जाणार, नाट्यगृहात, मोठ्या पडद्यावर, घरच्यांसमोर. कॉलेजमागे एकच व्हिडिओ. मुलांना गुणांपेक्षा त्याचं जास्त होतं.

पाचवा गट कल्याणजवळच्या मोहने गावातल्या एका मुलीचा होता. गाणं तिने लिहिलं होतं, म्हटलंही तिनेच. बरोबरच्या दोन मुलांपैकी एकाने कॅमेरा धरला होता, दुसऱ्याने संकलन केलं होतं. व्हिडिओ तीन मिनिटं बेचाळीस सेकंदांचा. मी तो तीनदा पाहिला. चौसष्ट दृश्यं मोजली. दोन ठिकाणी ओठ आणि आवाज जुळत नव्हते, तेवढे गुण कापले. बाकी माझ्यासारख्या माणसालाही तो धरून ठेवत होता. चाळीतला नळ, बायकांची रांग, मागे बंद कारखान्याची भिंत. ठेका एप्रिलमधल्या जयंतीच्या मिरवणुकीतल्या ढोलांचा, तिने स्वतः मोबाइलवर टिपलेला. दोन ओळी मला तिथल्या तिथे पाठ झाल्या:

"चार वाजता येतो नळ, साडेचारला जातो,
मधल्या अर्ध्या तासात माझा अख्खा दिवस मावतो."

पोस्टर निळ्यावर पिवळं. अक्षरं गल्लीतल्या, दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याकडून काढून घेऊन मग त्यांचा फोटो काढलेला. रंग कुठेही सरकलेला नव्हता. साडेबारा गुण दिले. कंपनीत एखाद्या नमुन्याला मी इतके देत नाही.

मग अभिप्रायांचा गठ्ठा घेतला. आमच्याकडे एक पद्धत आहे. गठ्ठा आला की तो वाचायचा नाही, आधी पत्त्यांसारखा पसरायचा. वेगळा असलेला नग डोळ्यांना आपोआप दिसतो. तसा मी तो टेबलावर पसरला. तीसपैकी अकरा फॉर्म एकाच अक्षरात होते. तोच डावीकडे झुकलेला 'र', तेच निळं पेन. खालच्या सह्या मात्र वेगवेगळ्या आणि वेड्यावाकड्या. मुद्दाम हात वाकडा करून केल्यासारख्या. मला बरं वाटलं. खोटं सांगत नाही, खराब नग सापडल्यावर वाटतं तसं बरं वाटलं.

तोंडी परीक्षा वर्गातच होती, सगळ्यांसमोर. मी अकरा फॉर्म हातात धरून मुलीला विचारलं, "हे अक्षर तुझं आहे का?"

"सर, ते मी असं केलं की..."

"हो की नाही, तेवढं सांग."

"हो, पण सर..."

"बस."

तिच्याबरोबरचा कॅमेरावाला मुलगा म्हणाला, "सर, ऐकून तर घ्या ना एक मिनिट."

मी म्हणालो, "मी काहीच बोलत नाहीये. कागद बोलतोय." आणि वर्गाकडे वळून सांगितलं, "प्रसिद्धी म्हणजे लोकांपर्यंत पोचणं. अकरा फॉर्म घरी बसून भरले, तर लोक कुठे आले?"

मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "अरे, फेक फॉलोअर्स!" वर्ग हसला. मलाही हसू आलं. मुलगी फाइलच्या दोरीशी चाळा करत उभी राहिली. तिचा चेहरा मी पाहिला नाही. खाली बघून गुण लिहीत होतो.

त्या गटाचे साडेएक्क्याऐंशी गुण झाले होते. अभिप्रायांचे दहा कापल्यावर साडेएकाहत्तर. ठाण्याच्या तलावपाळीवर ड्रोन उडवून प्रेमाचं गाणं केलेल्या गटाचे शहात्तर होते. ते पहिले आले. तक्त्यावर मी सही केली आणि बुधवारी संध्याकाळी घरी आलो. कापलेल्या गुणांचं कारण लिहून द्यायचं होतं, म्हणून अकरा फॉर्म पुरावा म्हणून बरोबर आणले होते.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर ते कारण लिहायला बसलो. बायको समोर भाजी निवडत होती. तिने एक फॉर्म उचलला, मग दुसरा. मग भाजी बाजूला सारली.

"अहो, हे कोणी घरी बसून लिहिलेलं नाही."

"अक्षर बघ ना."

"अक्षर काय बघू? हे वाचा. 'गाणं चांगलं आहे, पण पोरीने केस बांधायला पाहिजे होते.' हे बघा. 'कुकरची शिट्टी झाली, मधलं ऐकू आलं नाही, परत लाव म्हटलं.' आणि ही बाई. 'मालक म्हणाले बंद कर, मग मी मोरीत जाऊन पूर्ण बघितलं.' स्वतःच्याच गाण्याला कोणी असं लिहील का? लिहिलंय पोरीने, बोलल्यात बायका."

मी अकरा फॉर्म पहिल्यांदाच वाचले. गुण देऊन चार दिवस झाले होते.

"आणि सह्या?" मी म्हणालो.

बायको माझ्याकडे बघत राहिली. "तुमच्या आईंची सही कशी होती?"

आईची सही म्हणजे पाच सुटी अक्षरं, एक वर, एक खाली, शेवटचं कागदाबाहेर जायला निघालेलं. ती कोकणातून ठाकुर्लीच्या चाळीत आली तेव्हा तिला तेवढंही येत नव्हतं. सही मी शिकवली, पाचवीत असताना. तिचे रेशनचे, पोस्टाचे फॉर्म मीच भरायचो. चाळीतल्या आणखी कितीतरी बायकांचे भरायचो. त्या सांगायच्या, मी लिहायचो, खाली त्या सही करायच्या. पोस्टातल्या कारकुनाने एकदाही विचारलं नाही की सगळ्या फॉर्मांवर एकच अक्षर कसं. त्याला ठाऊक होतं. मलाही ठाऊक असायला हवं होतं. त्या वर्गात ते इतरांपेक्षा जास्त मला ठाऊक असायला हवं होतं.

तरीही माझी खोड गेली नाही. फॉर्मवर फोन नंबर होते. खात्री करावी म्हणून मी एक लावला. बायको म्हणाली, "अजून तपासायचंय?" तोवर पलीकडून फोन उचललाही होता.

"कोण?"

मी कॉलेजचं नाव सांगितलं आणि विचारलं, गाण्याचा फॉर्म तुम्ही भरला होता का.

"हां, भरला ना. म्हणजे लिवला तिनेच. मला कुठं लिवता येतं? मी सांगितलं, तिने लिवलं. सही माझी हाय." मग आवाज खाली आला. "का ओ? नापास झाली काय ती?"

"नाही, नाही," म्हणालो आणि फोन बंद केला. माझं नावही सांगितलं नाही.

लगेच जिना उतरून मॅडमच्या दारात गेलो आणि सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या, "नाव गुरुवारीच गेलं हो ठाण्याला. पहिल्या गटाने घरी सांगितलं, पेढे वाटले. आता त्यांना काय सांगू? गुण सुधारून देते, तुमचं पत्र द्या."

"आणि महोत्सव?"

"ते आता राहू द्या. मुलं विसरतात."

मुलं विसरतात की नाही, हे मी चाळीतल्या मुलाच्या अनुभवावरून सांगू शकलो असतो. पण तेव्हा बरं वाटलं की कोणीतरी तसं म्हणालं. पत्र लिहून दिलं. दहा गुण परत आले, तक्त्यावर पाचवा गट पहिला झाला आणि व्हिडिओ दुसऱ्याचा गेला. असा तक्ता मी आजवर कुठे पाहिला नव्हता.

एक गोष्ट मात्र मी स्वतःहून मागून घेतली. आरोप वर्गात केला होता, तेव्हा चूकही वर्गातच सांगायची. मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो. रिक्षात वाक्यं जुळवली होती. 'मी हिला खोटं ठरवलं. ती खरी होती. मी न वाचता गुण कापले.' तीन वाक्यं, जास्त नाहीत. फळ्यासमोर उभा राहिलो, चाळीस डोळे माझ्याकडे लागले, आणि तोंडातून आलं, "पाचव्या गटाच्या मूल्यमापनात एक तांत्रिक त्रुटी राहिली होती. ती दुरुस्त केली आहे. गटाचं अभिनंदन."

तांत्रिक त्रुटी. कंपनीत ग्राहकाचा माल परत आला की हेच लिहितो. कोणाची चूक ते त्यात येत नाही. दोन-चार टाळ्या वाजल्या. 'फेक फॉलोअर्स' म्हणणारा मुलगा मोबाइल बघत होता. मी काय दुरुस्त केलं ते त्याला कळलं नसणार, कारण मी सांगितलंच नव्हतं.

मी जवळजवळ पळतच बाहेर पडलो. व्हरांड्यात मुलीने गाठलं.

"सर, थँक्यू."

ते ऐकून मला आणखीच कसंतरी झालं. "नाही गं, थँक्यू कसलं. माझंच चुकलं." हे तिला एकटीला सांगणं किती सोपं गेलं. पन्नास पावलांवर वर्ग होता.

"सर, एक विचारू? आमच्या शेजारच्या काकूंना रविवारी फोन आलेला. तुमचा होता का?"

"हो."

"त्या रोज येऊन विचारतात, माझ्यामुळे तुझं काही झालं का. मी नाही म्हणते, पण त्यांना खरं वाटत नाही. त्या म्हणतात, मीच काहीतरी उलटसुलट सांगितलं असेल. केसांबद्दल बोलल्या ना त्या, तेच डोक्यात धरून बसल्यात. सर, तुम्ही सांगाल का त्यांना?"

"सांगतो ना. घरी गेल्यावर करतो फोन."

"आत्ताच सांगा ना," ती म्हणाली. नंबर लावून तिने फोन माझ्या हातात दिला. तिच्या आवाजात ना राग होता ना आग्रह. मुलं जात-येत होती.

मी म्हणालो, "काकू, रविवारी फोन केलेला तो मी. परीक्षक. तुमची काही चूक नाही. तुम्ही जे सांगितलं ते बरोबर होतं. मी ते खोटं धरलं. न वाचता धरलं."

"खोटं? म्हंजी आमी बोललोच नाय, आसं?"

"हो. तसं मी सगळ्यांसमोर म्हणालो. ते चुकीचं होतं."

पलीकडे भांड्यांचा आवाज आला. "मंग आता कळलं ना तुमाला?"

"कळलं."

"मंग जानार ना पोरगी ठाण्याला? आमी सगळ्या येनार हाय बघायला. टेंपोचं बोलून ठेवलंय."

मुलगी बाजूलाच उभी होती. काकूंचा आवाज मोठा होता, तिला सगळं ऐकू येत असणार. ती भिंतीवर लावलेल्या सात पोस्टरांकडे बघत होती.

"नाही," मी म्हणालो. "दुसऱ्या गटाचं नाव गेलंय. आता बदलत नाही."

"तुमीच चुकला ना?"

"हो."

"मंग तिचं का जात नाय?"

नाव गुरुवारी गेलं, तक्त्यावर सही झाली होती, पहिल्या गटाने पेढे वाटले होते, हे सगळं माझ्याजवळ होतं, आणि त्यातलं एकही त्या बाईला सांगण्यासारखं नव्हतं. मुलीने हलकेच फोन माझ्या हातातून काढून घेतला. "काकू, मी बोलते संध्याकाळी येऊन. हां. टेंपोवाल्याला नाही सांगा," म्हणाली आणि तासाची वेळ झाली म्हणून वर्गात गेली.