पिवळं काळं येतं

माझं डोकं लवकर फिरतं, हे आमच्या सीवूड्सच्या सोसायटीत वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या सहा महिन्यांत मी जितकी चिडचिड केली तितकी कधीच केली नसेल. मी एक्स-रे टेक्निशियन. आमची लॅब डिजिटल झाली तेव्हा उरलेल्या फिल्मचा डबा डॉक्टरांनी मला देऊन टाकला आणि मला खूळ लागलं: दोन मिनिटांत हातात येणारा फोटो घरीच बनवायचा. एका बाजूला फिल्म, दुसऱ्या बाजूला जिलेटिन लावलेला कागद, मध्ये डेव्हलपर आणि हायपो या फोटो धुवायच्या रसायनांची घट्ट खळ. वरून लाटणं फिरवायचं, थांबायचं, कागद सोलायचा. बाथरूममध्ये लाल बल्ब लावून घाम गाळला, हाती काय, तर चॉकलेटी चिखल! लाटणं वाया गेलं म्हणून आईने आठवडाभर माझा उद्धार केला, तो वेगळाच.

मग करावे गावात चुलत भावाचं लग्न निघालं. माझी धाकटी बहीण पनवेलहून एकटीच आली. तिचा नवरा लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पाच वाजता तिला न्यायला येणार होता. आमच्या आगरी लोकांत हळद म्हणजे लग्नापेक्षा दणक्यात. दिसेल त्याचं तोंड पिवळं करतात.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला बाल्कनीत उन्हात उभी केली, जुन्या खोक्याच्या कॅमेऱ्यात ती फिल्म घालून फोटो काढला आणि बाथरूममध्ये पळाले. कागद सोलला आणि किंचाळलेच. आला, आई शप्पथ, आला! डोळे, केस, कानातले झुबे, सगळं आलं होतं. फक्त डाव्या गालावर काळे पट्टे होते. ही फिल्म निळा उजेडच ओळखते. लाल आणि पिवळं, डोळ्यांना फिकट दिसलं तरी, तिच्यावर काळं येतं.

"अगं घाणेरडे, दोन दिवस झाले, हळद नीट धुता येत नाही तुला?" मी हसत हसत ओला टॉवेल घेतला, तिची हनुवटी धरली आणि गाल खसाखसा घासला.

"ताई, नको! दुखतंय!"

हळद कशी दुखेल? मी पुन्हा फोटो बघितला. कानापासून हनुवटीपर्यंत शेजारी शेजारी चार पट्टे. इतकी वर्षं लोकांचे हात एक्स-रेखाली ठेवलेत मी, बोटं किती रुंद असतात ते मला कळतं. ती खाली फरशीकडे बघत राहिली.

तसाच ओला फोटो घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. आई तिच्यासाठी लग्नाचे लाडू डब्यात भरत होती. मला वाटलं, ही आता खालीच बसेल. तिने फोटो बघितला, पदराला हात पुसले.

"फेकून दे तो. पाच वाजता जावई येनार हाय."

"आई, तुला माहीत होतं?"

"हलदीला आली तवाच तिचा गाल बघितला. म्हनून तर पयली हलद मीच लावली तिच्या त्या गालाला. चार मानसांत कनाला दाखवाचा?"

नवरदेवाच्या आधी लेकीला हळद लावली म्हणून त्या दिवशी मांडवभर लोक आईचं कौतुक करत होते आणि मी, मूर्ख, मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढत होते. सगळ्या जगावर खेकसणारी मी, आईवर खेकसले नाही; फोटो मात्र फेकला नाही. ती पुन्हा लाडू भरायला लागली.

बहीण दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. आईकडे तिने बघितलंही नाही.

"ताई, फिल्म किती उरल्यात?"

"सात."

"चल."

ती मला कॅमेऱ्यासकट बेडरूममध्ये घेऊन गेली, आतून कडी लावली आणि खिडकीच्या उजेडात पाठमोरी उभी राहून कुर्त्याची चेन खाली ओढली. मला रडू फुटलं. ती रडली नाही. "आता इथे," म्हणायची, "आता हा दंड." पाच वाजता खाली हॉर्न वाजला, आई दार ठोठावत राहिली, आम्ही कडी काढली नाही. सातही लागल्या.